ठळक, अरुंद मथळा-टंक: देवनागरी आणि रोमन, कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम असं: मथळे, पोस्टर आणि फलक यांसाठी एकच वजनाचा, ठळक आणि अरुंद टंक. देवनागरी आणि रोमन दोन्ही. २४ पॉइंटच्या खाली तो कुणी वापरणार नाही असं धरून चालतोय. मजकुरासाठी हा टंक नाही, त्यामुळे लहान आकारासाठी कुठलीही तडजोड करायची नाही. एमचा चौकोन, म्हणजे टंकाच्या आकाराएवढी मोजणीची चौकट, १००० युनिटचा.

अरुंद टंकाची गरज मराठीत जास्तच आहे. प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि 'मुख्यमंत्र्यांच्या' एवढ्या एका शब्दात अर्धा स्तंभ संपतो. शिवाय देवनागरीला कॅपिटल अक्षरं नाहीत. ठासून सांगायचं तर हातात आकार आणि जाडी एवढंच उरतं.

चाचणीचे शब्द आजच ठरवले, पुढे बदलायचे नाहीत: उद्ध्वस्त, शिष्टमंडळ, खळबळ, भ्रष्टाचार, धनधान्य, दऱ्याखोऱ्यांत, अटी-शर्तींवर, कर्तृत्व. प्रत्येक शब्दात एक तरी अडचणीची जागा आहे. 'कमळ बघ' छाप सोप्या शब्दांवर कुठलाही फॉन्ट छान दिसतो.

६ फेब्रुवारी

आधीचा नेहमीच्या रुंदीचा बोल्ड मास्टर (मूळ रेखाटन) हाताशी होता. तो आडवा दाबून ६२ टक्के रुंदीवर आणून पाहिला, फक्त काय बिघडतं ते मोजायला. काना १५० युनिटचा होता, तो ९३ झाला. शिरोरेषा १२० होती, ती १२०च राहिली. म्हणजे उभ्या रेघा आडव्यांपेक्षा बारीक. शब्द वरून दडपल्यासारखा दिसतो, जणू अक्षरांच्या डोक्यावर फळी ठेवली आहे. डीटीपीत स्तंभात बसवण्यासाठी मथळा दाबून ७०-८० टक्के रुंदीवर आणतात, तेव्हा हेच होतं. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण मथळा 'स्वस्त' दिसतो तो यामुळे.

उलट बाजूनेही करून पाहिलं. काना २२५ चा करून मग ६२ टक्के रुंदीवर दाबला तर तो १४० वर येतो, म्हणजे जाडी बरोबर. पण त्या जाडीला मूळ अक्षरात पोकळीच शिल्लक राहत नाही. 'क'चं पोट बंद, 'स'चा मधला जोड बंद. थोडक्यात, दाबण्याने काम होणार नाही. अक्षरं नव्याने काढायची आणि प्रत्येक अक्षरात काळं कुठून काढायचं ते वेगळं ठरवायचं.

११ फेब्रुवारी

रोमनपासून सुरुवात, कारण तिथे गणित सोपं आहे. कॅपिटलची उंची ७२०, स्मॉल अक्षरांची ५६०. हे प्रमाण मुद्दाम मोठं ठेवलंय. १९६५ च्या इम्पॅक्ट या टंकातही स्मॉल अक्षरं अशीच उंच आहेत आणि मथळ्यात ओळ भरलेली दिसते ती त्यामुळे.

कॅपिटल एच: दंड १४०, मधली पोकळी ८४, दोन्ही बाजूंना ३६-३६. एकूण ४३६. स्मॉल एन: दंड १३२, पोकळी ८२, डावीकडे ३२, उजवीकडे ३०. एकूण ४०८. दोन एच शेजारी आले की मध्ये ७२ युनिट पांढरं पडतं, आतल्या पोकळीपेक्षा थोडं कमी. या टंकात सगळी लय या दोन आकड्यांवर चालते. बाजूची जागा पोकळीपेक्षा मोठी झाली की अक्षरं सुटी पडतात आणि शब्द कुंपणासारखा दिसतो. फार कमी झाली की दोन अक्षरांचे दंड मिळून एकच जाड खांब होतो.

ओच्या बाजू सरळ ठेवल्या. ७२० मधले ३८० युनिट निव्वळ सरळ रेघ, वळण फक्त वर आणि खाली. अमेरिकेत १९०३ साली आलेल्या ऑल्टरनेट गॉथिकपासून अरुंद टंकांनी हाच मार्ग घेतला आहे. बाजू जरा जरी फुगवली तरी आतली पोकळी डोळ्याच्या आकाराची होते आणि ओळीत ठिपक्यासारखी उठून दिसते. माथा चपटा असल्याने रेषेबाहेर ९ युनिटच काढला. आधी १४ ठेवला होता, ओ उड्या मारत होता.

१४ फेब्रुवारी

स्मॉल ई. उंची ५६०, त्यात तीन आडव्या रेघा. तिन्ही १३२ च्या केल्या तर ३९६ काळं आणि १६४ पांढरं, म्हणजे प्रत्येक पोकळीला ८२. कागदावर हे ठीक वाटतं, प्रत्यक्षात अक्षर काजळी धरल्यासारखं दिसतं. वर-खाली १०२ आणि मधली रेघ ८४ केली. काळं २८८, पांढरं २७२. त्यातलं १२० वरच्या डोळ्याला, १५२ खालच्या तोंडाला. आता ई आणि एन शेजारी ठेवले की राखाडीपणा सारखा दिसतो. ए आणि एसला हेच माप लावलं. एसचा मधला कणा मात्र ११८ हवा. तिथे ८४ ठेवलं तर अक्षर कंबरेत मोडतं.

एमला चार रेघा. बाहेरचे दंड १२६, आतल्या तिरप्या ९८, आणि तिरप्या रेघा बेसलाइनपर्यंत (अक्षरं जिच्यावर बसतात ती रेषा) न नेता २०० वर थांबवल्या. डब्ल्यूच्या सगळ्या रेघा ११०. दंडाचं माप सगळीकडे सारखं ठेवायचा हट्ट इथे सोडावाच लागतो.

कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक जोड्यांमधलं अंतर, आत्ताच जुजबी केलं. एव्ही जोडीला उणे २८ पुरे. रुंद टंकाच्या सवयीने उणे ७० दिलं की तिथे काळा डाग पडतो.

१९ फेब्रुवारी

देवनागरीचा सांगाडा. शिरोरेषेची वरची कड ६४०, म्हणजे कॅपिटलपेक्षा खाली आणि स्मॉल अक्षरांपेक्षा वर. शिरोरेषा १००, काना १३०, वळणं जास्तीत जास्त १०४. शिरोरेषा काढली की अक्षराच्या अंगाला ५४० युनिट उरतात. पुढचा सगळा हिशोब या ५४० चा आहे.

शिरोरेषा ही अखंड आडवी रेघ असल्याने ती कान्याएवढी जाड केली तर शब्दातलं जवळजवळ निम्मं काळं तिथेच गोळा होतं. १०० ला शब्द स्थिर दिसतो, ८८ ला ठिसूळ. ९६ आणि १०० मधला फरक छापल्यावर कळला नाही, म्हणून १००.

'क': डावं पोट १०४, पोकळी ६०, काना १३०, उजवी पोकळी ६०, शेपूट १००, आणि बाजूची जागा मिळून ५०६. 'व', 'न', 'त' शेजारी ठेवले तर क काळा पडतो. त्याचा काना १२२ केला, दोन्ही पोकळ्या ६४ झाल्या. आठ युनिटचा हा बदल कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, डाग मात्र जातो. मधोमध काना असलेल्या 'फ'लाही तेच.

बाजारात अरुंद देवनागरी आहेत: टेको, खंड, आणि 'एक टाइप' या संस्थेच्या 'अनेक'मध्ये रुंदीचा अक्ष ७५ ते १२५ असा बदलता येतो. टेकोमध्ये वळणं चौकोनी करून जागा काढली आहे. तो एक मार्ग झाला. इथे वळणाचा बाहेरचा कोपरा गोल आणि आतला जवळजवळ चौकोनी ठेवतोय. त्यामुळे पोकळी मोठी होते, पण अक्षर यंत्रातून काढल्यासारखं दिसत नाही.

२५ फेब्रुवारी

भ-म आणि ध-घ. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता. 'भरती' आणि 'मरती', 'धन' आणि 'घन' यांत चूक झाली तर मथळ्याचा अर्थच बदलतो.

भ आणि म यांतला मुख्य फरक दोन गोष्टींत आहे: शिरोरेषेतली फट आणि डावीकडची वरची गाठ. रुंद टंकात दोन्ही आरामात बसतात. इथे पहिल्या रेखाटनात फट ४० युनिट होती. २४ पॉइंटला ४० युनिट म्हणजे ०.९६ पॉइंट, ०.३४ मिलिमीटर. गाठ पूर्ण गोल काढली होती, आतलं भोक २० युनिटचं. पडद्यावर मोठं करून पाहताना फार देखणी दिसत होती. छापून हातभर अंतरावर धरली तर भोक गेलं, फट अर्धी बुजली आणि 'भ्रष्टाचार' हा 'म्रष्टाचार' झाला.

फट नुसती वाढवून भागत नाही, कारण ती एकट्या भच्या हातात नाही. आधीच्या अक्षराची शिरोरेषा जिथे संपते तिथून फट सुरू होते. शब्दाच्या सुरुवातीला भ मोकळा असतो, पण 'सभा'मध्ये सचा काना आणि त्याची शिरोरेषा थेट गाठीला येऊन भिडते.

केलेले बदल: गाठीचं भोक काढून टाकलं. आता ती भरीव, आत वळलेली आकडी आहे. आकडीचा माथा शिरोरेषेच्या वरच्या कडेपेक्षा १८ युनिट खाली आणला, म्हणजे ती शिरोरेषेचा तुकडा वाटत नाही. फट ६२ केली. २४ पॉइंटला ०.५२ मिलिमीटर. भच्या डावीकडे १४ युनिट जास्त जागा दिली, फक्त आधीचं अक्षर शिरोरेषेचं असेल तेव्हा, कर्निंग वर्गातून. आणि मची डावी उभी रेघ शिरोरेषेला काटकोनात, कसलीही गोलाई न देता जोडली. फरक एका अक्षरात वाढवण्याऐवजी दोघांत वाटला की कमी जागेत जास्त दिसतो.

ध-घला तीच आकडी, तीच ६२ ची फट. थलाही तीच फट, पण तिथली सुरुवातीची गुंडाळी काढता येत नाही, ती गेली की थ ओळखूच येत नाही. तिचं भोक ४४ युनिटचं ठेवलं आणि काना १२० वर आणला.

४ मार्च

ल, श, ळ, ख.

पाकळीयुक्त ल अरुंद टंकात बसवणं जड जातं: दोन पाकळ्या, मधला देठ आणि काना, म्हणजे शेजारी शेजारी चार काळ्या रेघा. मधला देठ ११६ होता, ९२ केला; पाकळ्यांच्या पोकळ्या ३८ वरून ५०-५० झाल्या. तरी रुंदी इतरांपेक्षा जास्त आहे आणि ती तशीच ठेवली. सगळी अक्षरं एका रुंदीत कोंबायला हा टाइपरायटर नाही. देठयुक्त शला वरचा वळसा उघडा ठेवला.

मराठी ल आणि श डीफॉल्ट ठेवले, हिंदी रूपं भाषेनुसार बदलणाऱ्या सोयीत टाकली. उलट केलं तर रूप बदलण्यासाठी मजकुरावर मराठी भाषेची खूण असावी लागते, आणि ती लावण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही. मग मथळ्यात हिंदी ल येतो आणि दोष फॉन्टवर.

ळ: दोन वाटोळी, दोन्हीच्या पोकळ्या ५६. 'खळबळ' शब्दात दोनदा येतो, तिथे पाहूनच वजन ठरवलं.

ख: 'रव' वाचला जाण्याचा जुना धोका. रची शेपटी खाली वच्या पोटाला ९० युनिट जाडीने घट्ट जोडली. 'खा' आणि 'रवा' शेजारी छापून पाहिलं, गोंधळ नाही.

१० मार्च

जोडाक्षरं. एकावर एक मांडणीची जोडाक्षरं अरुंद टंकात आधी आकर्षक वाटतात, कारण रुंदी वाचते. पण उंची कुठून आणायची? 'उद्ध्वस्त'मधला द्ध्व तीन मजली केला तर हिशोब असा: शिरोरेषेखालचे ५४० आणि बेसलाइनखालचे १८०, एकूण ७२०. प्रत्येक मजल्याला २४०. रेघ ९० ची धरली तर वर-खाली १८० गेले, आत ६० उरले. धला मध्ये आणखी एक वळण लागतं, म्हणजे २७० हवेत. म्हणजे ३० युनिट मुळात नाहीतच. रेघ ७० वर आणली तर अक्षर बसतं, पण शेजारच्या १३० च्या कान्याजवळ ते दुसऱ्याच फॉन्टमधून उचलल्यासारखं दिसतं.

म्हणून डीफॉल्टला पाय मोडका द आणि त्यापुढे ध्व: उद्‌ध्वस्त. मराठी छपाईत हे रूप चालत आलेलं आहे, वाचणारा अडखळत नाही. द्ग आणि द्भ यांनाही हाच नियम. द्ध, द्व, द्य, ह्म, ह्य मात्र जोडूनच ठेवले, कारण ती डोळ्यात इतकी बसली आहेत की मोडली की अशुद्ध वाटतात. त्यांत वरच्या अक्षराची रेघ ९६, आत शिरलेल्याची ८८. ट्ट, ट्ठ एकाखाली एक, रेघ ८६, आणि खालचं अक्षर शिरोरेषेशिवाय. ष्ट, ष्ठ आडवे, ते सोपे.

दऱ्याखोऱ्यांत: चंद्रकोरीसारखा अर्धा र. युनिकोड ०९३१ (ऱ) पुढे हलन्त आला की अर्धाक्षराच्या सोयीतून तो यायला हवा. साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा क्रमानेही लोक टंकतात, म्हणून दोन्ही क्रम एकाच ग्लिफवर (अक्षराच्या आकृतीवर) नेले. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे वेगळे शब्द आहेत, चाचणीत दोन्ही हवेत. या चंद्रकोरीची जाडी ८४. ७० ला ती शाईत हरवते, १०० ला पुढच्या यला चिकटते.

१३ मार्च

आकडे. उंची ६५०, शिरोरेषा नसल्याने ६४० ला लहान दिसत होते. १ आणि ९ दुरून सारखे वाटतात. ९ चं वाटोळं मोठं केलं आणि १ ची शेपूट सरळ खाली नेली. एवढंच.

१८ मार्च

वेलांट्या आणि ओळींतलं अंतर.

मथळा दोन ओळींचा असेल तर मांडणी करणारे ओळींतलं अंतर १०५ टक्क्यांवर आणतातच, कितीही सांगा. म्हणजे बेसलाइन ते बेसलाइन १०५० युनिट. आपली वेलांटी ९२० पर्यंत जात होती आणि उकार उणे २१० पर्यंत. बेरीज ११३०. वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत ८० युनिट घुसतो. वेलांटीचा माथा ८६० वर आणि उकार उणे १८० वर आणला. बेरीज १०४०, मध्ये १० युनिटची फट. वेलांटी चपटी झाली, पण टंकाच्या स्वभावाला ती शोभते. उकाराचं पोट उघडं ठेवायला त्याची रेघ ८० पर्यंत उतरवावी लागली.

'शर्तींवर' मध्ये र्तीं: दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही एकाच जागी. अनुस्वार रफाराच्या डोक्यावर ठेवला की १०८० च्या वर जातो. तो रफाराच्या कुशीत उजवीकडे सरकवला आणि तिघांचं मिळून एकच ग्लिफ केलं. माथा ९८५. अँकरवर (खुणा जोडण्याच्या बिंदूंवर) सोडून दिलेली अशी त्रिकुटं ठळक टंकात हमखास एकमेकांवर चढतात.

पहिली वेलांटी: अक्षरांची रुंदी ३०० पासून ७२० पर्यंत आहे आणि वेलांटीचं टोक कान्याच्या बरोबर वर यायला हवं. ३५ युनिटच्या पायरीने १३ रूपं काढली. आधी सहाच होती; ७२ पॉइंटला 'शिष्टमंडळ' आणि 'स्थिती' यांत टोक कान्याच्या अलीकडे लटकत होतं. मजकुरात खपलं असतं, मथळ्यात नाही.

२४ मार्च

शिरोरेषेचे सांधे. दोन अक्षरांच्या शिरोरेषा काटेकोरपणे कडेला कड लावून ठेवल्या तर पडद्यावर काही आकारांना मध्ये केसाएवढी पांढरी चीर दिसते, कारण दोन्ही कडा अर्ध्या पिक्सेलवर पडतात. म्हणून प्रत्येक शिरोरेषा दोन्हीकडे १२ युनिट बाहेर काढली. सांध्यात २४ युनिट एकावर एक.

त्याचा दुसरा फायदा: कुणी अक्षरांत अंतर वाढवलं तर २० युनिटपर्यंत शिरोरेषा टिकते. ३० ला तुटते. रोमन मथळ्यांना अंतर वाढवायची सवय असलेले लोक देवनागरीलाही ते लावतात आणि शब्दाच्या चिंध्या होतात. वापराच्या सूचनांत हे ठळक अक्षरांत टाकायचं.

तोटाही आहे. अक्षरांना नुसती बाह्यरेषा दिली किंवा अर्धपारदर्शक रंग भरला की ते २४ युनिटचे चौकोन उघडे पडतात. त्यावर फॉन्टमध्ये उपाय नाही. शब्द आकृतीत बदलून तुकडे एकत्र जोडायचे, मग बाह्यरेषा द्यायची.

२ एप्रिल

छपाईची चाचणी. वृत्तपत्री कागदावर शाई पसरते. ती प्रत्येक कडेला ०.०५ मिलिमीटर पसरली असं धरून आकार फुगवले आणि लेझरवर काढले. २४ पॉइंटला एम ८.४७ मिलिमीटरचा, म्हणजे कडेला जवळपास ६ युनिट आणि पोकळीला १२ युनिटचा तोटा. कची ६४ ची पोकळी ५२ उरते, चालते. भची ६२ ची फट ५० उरते, चालते. सांध्यांत शाई साचू नये म्हणून पाडलेल्या २० युनिटच्या खाचा मात्र ८ वर येतात, म्हणजे नसल्यातच जमा. त्या ३० केल्या. १६० पॉइंटच्या पोस्टरवर त्या दिसतात, उंदराने कुरतडल्यासारख्या. म्हणून त्यांचं टोक बोथट केलं आणि जिथे तीन रेघा भेटतात तिथेच ठेवल्या: म, भ, स, क्ष, ज्ञ. बाकी सगळ्या काढल्या.

१४ पॉइंटलाही कुतूहल म्हणून काढून पाहिलं. तिथे तोटा २० युनिट. ल बुजला, ट्ट बुजला. २४ ची मर्यादा कायम.

८ एप्रिल

उभी मापं: असेंडर (वरची हद्द) ९९०, डिसेंडर (खालची हद्द) उणे ३२०, ओळीतलं जादा अंतर शून्य. विंडोजची छाटणीची मापं १००० आणि ३३०, नाहीतर र्तींचा माथा आणि ट्टूचा तळ कापला जातो. टायपो मेट्रिक्स (असेंडर-डिसेंडरची हीच मापं) वापरण्याची खूण, बिट क्रमांक ७, चालू केली. ती विसरली तर एकच मथळा दोन संगणकांवर वेगळ्या उंचीवर बसतो.

हार्फबझ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर सगळे चाचणी-शब्द चालवले. 'कर्तृत्व'मध्ये रफार तृच्या पुढे सरकून त्ववर बसत होता. तृचं जोडग्लिफ बनवताना वरचा अँकर द्यायचा राहिला होता. दिला.

१५ एप्रिल

आवृत्ती ०.९ बांधली. शिल्लक: ङ्क आणि ङ्ग यांतलं टिंब बुजतं, ते उजवीकडे आणखी १६ युनिट हलवायचं. ॲ वरची चंद्रकोर ८६० च्या मर्यादेत बसवताना फार चपटी झाली आहे आणि 'ॲप'मध्ये ती वाकड्या मात्रेसारखी दिसते. तिची रेघ ७६ करून कमान पुन्हा काढायची. सभा, शोभा, लाभ या शब्दांतली भच्या डावीकडची जागा छापून पुन्हा एकदा मोजायची. 'लाभ'मध्ये काना आणि आकडी यांच्यात ६२ ऐवजी ५४ च येत आहेत, कारण एकटा काना कर्निंग वर्गात घालायचा राहून गेला आहे.